राखेच्या अलीकडे

दिवाळी सरते आणि करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांत गुऱ्हाळांच्या चिमण्या पुन्हा धूर धरतात. घाण्यातून एका अंगाने रस निघतो, दुसऱ्या अंगाने चिपाड. ते चिपाड मोकळ्या रानात पसरून उन्हात वाळवतात आणि वाळले की काहिलीखालच्या चुलवाणात घालतात. उसाचा रस उसाच्याच जाळावर शिजतो. बाहेरचे जळण फारसे लागत नाही. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या गड्याचे काम बघण्यासारखे असते. काहिलीत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. वर उभा असलेला गुळव्या हाक देतो आणि त्या हाकेवर खालचा जाळ वाढतो किंवा ओढून घेतला जातो. पाक उतरायच्या बेतात असताना जाळ जरा जादा झाला तर गूळ करपतो, रंग काळवंडतो आणि सौद्यात त्या रव्याचा भाव पडतो. राजर्षी शाहूंनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली. तेव्हापासून कोल्हापूरच्या गुळाचे जे नाव झाले, त्यात मातीपाण्याइतकाच वाटा आगीवरच्या या ताब्याचा आहे.

उसाचे काही वाया जात नाही, अशी इकडची समजूत आहे. ती बऱ्याच अंशी खरी आहे. वाढे जनावरांच्या पुढ्यात जाते, मळी रानात जाते, चिपाड चुलवाणात जाते आणि चुलवाणातली राख पुन्हा शेतात जाते. एकच गोष्ट या हिशेबाबाहेर राहते, ती म्हणजे पाचट. फड तुटून गेला की वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर मागे उरतो. खोडव्याला पाणी द्यायची घाई असते, मजूर मिळत नाहीत, पाचटात उंदीर आणि साप असतात. मग बांधावरून एक काडी लागते आणि बघता बघता सगळे रान काळे होते. चुलवाणातल्या आगीवर कोणाची तरी नजर असते. फडातली आग मोकाट असते. पण शेवट दोन्हींचा एकच, राख.

राखेच्या अलीकडे आग थांबवली तर काय उरते, हा प्रश्न नवा नाही. कोळसा पाडणाऱ्यांना त्याचे उत्तर हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. सह्याद्रीच्या उतारांवर कातकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या भट्ट्या लावल्या, मुंबईच्या चुलींना कोळसा पुरवला आणि त्या धंद्यात स्वतः मात्र सावकाराचे देणेकरीच राहिले. या कसबात आगीला जगवायचे आणि उपाशीही ठेवायचे असते. लाकडे रचून वर पाला आणि माती लिंपायची, हवेला जेमतेम वाट ठेवायची आणि धुराच्या रंगावर डोळा ठेवून बसायचे. आधी दाट पांढरा धूर येतो, ती लाकडातल्या पाण्याची वाफ. मग तो पिवळसर आणि डोळ्यांना झोंबणारा होतो. शेवटी विरळ, निळसर झाला की भोके बुजवायची. तेव्हा उशीर झाला तर सकाळी भट्टीत कोळशाऐवजी राख सापडते.

शास्त्राच्या भाषेत हीच गोष्ट अशी सांगतात. वनस्पतीचे अंग मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे असते. हवा न देता तापवले की साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात हेमिसेल्युलोज मोडू लागते, तीनशेच्या पुढे सेल्युलोज मोडते. लिग्निन सगळ्यांत चिवट. ते फार मोठ्या पल्ल्यात सावकाश सुटत जाते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वाफ, डांबर, वायू यांच्या रूपाने निघून जातात, कार्बन मागे राहतो. या सगळ्या घडामोडीत लाकूड किंवा पान कधीच वितळत नाही. डांबर वितळते, पेट्रोलियमचा गाळ वितळतो, त्यांतले अणू पातळ अवस्थेत सरकून एकावर एक थर लावू शकतात. वनस्पतीला ती सवड मिळत नाही. म्हणून उसाच्या पेराचा कोळसा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर ज्या वाहिन्यांनी पाणी शेंड्यापर्यंत चढत होते त्या वाहिन्या तशाच उभ्या दिसतात. पाणी गेले, रस गेला, पेशीभित्तींचे द्रव्यही बदलले, आराखडा राहिला.

या वितळण्या-न वितळण्यातला फरक रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये नेमकेपणाने मांडला. डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रांमुळे आज त्यांचे नाव घराघरांत आहे, पण त्यांची पहिली ओळख कोळशाच्या अभ्यासक म्हणूनच होती. केंब्रिजची त्यांची डॉक्टरेट कोळशातील रंध्रांशी निगडित कामावर होती आणि पुढे पॅरिसमध्ये त्यांनी कार्बनचेच काम केले. काही कार्बन खूप तापवले की ग्रॅफाइट बनतात आणि काही ३००० अंशांपर्यंत नेले तरी बनत नाहीत, असे त्यांनी दाखवले. दुसऱ्या जातीच्या कार्बनमधले थर वाकडेतिकडे एकमेकांना आधीच जखडलेले असतात. त्यांना सरळ होता येत नाही, आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या राहून जातात. हे कार्बन कठीण असतात. लाकूड, साखर, करवंट्या यांचा कोळसा याच जातीचा. ज्या अव्यवस्थेमुळे हा कार्बन ग्रॅफाइट होण्यात नापास झाला, तीच आज वीज साठवणाऱ्यांना हवीशी झाली आहे.

त्याचे कारण पोकळीत आहे. बारीक रंध्रांच्या कार्बनमध्ये पदार्थापेक्षा त्याच्या आतल्या भिंतींचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. अशा चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे चिमटीभर काळ्या भुकटीत, हजार-बाराशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो. गुंठ्यात मोजायचे तर दहा-बारा गुंठे. हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच सांगून ठेवले होते की विद्युतभारित पृष्ठभाग द्रवात बुडवला की विरुद्ध भाराचे आयन त्याला येऊन चिकटतात आणि दोन थर समोरासमोर उभे राहतात. या दोन थरांतले अंतर रेणूच्या मापाचे असते, त्यामुळे थोड्या जागेतही बराच भार राहतो: एका चौरस सेंटिमीटरला साधारण १० मायक्रोफॅरड. आता बारा गुंठ्यांचे चौरस सेंटिमीटर करून गुणाकार मांडा, एका ग्रॅमला सव्वाशे फॅरडच्या आसपास आकडा येतो. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण जे कपॅसिटर पाहिले ते फॅरडच्या लाखाव्या हिश्श्यांत मोजत होतो. सच्छिद्र कार्बनचे इलेक्ट्रोड घेऊन असा संचायक बनवण्याचे पेटंट १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे नोंदले गेले. आज त्याला सुपरकपॅसिटर म्हणतात.

पोकळी म्हणजे काही नसणे, आणि भारतीय दर्शनांतल्या उत्तरकालीन वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म यांच्या यादीत अभाव हा सातवा पदार्थ म्हणून धरला. घट नाही हे ज्ञानही कशाचे तरी ज्ञान आहे, मग त्या 'नाही'ला पदार्थांच्या पंक्तीत बसवायला हवे, असा त्यांचा रोख होता. त्यांच्या विरोधकांना हे जास्तीचे वाटले आणि शतकानुशतके त्यावर वाद झाले. त्या वादाचा निकाल प्रयोगशाळेत लागणार नाही, आणि लागावा असेही नाही. पण कार्बनच्या बाजारात आज अभावाला किंमत आहे आणि ती चौरस मीटरवर मोजली जाते, एवढे वैशेषिकांना सांगितले असते तर त्यांनी ते प्रतिपक्षाच्या तोंडावर फेकायला नक्कीच वापरले असते.

मात्र अभाव वाटेल तेवढा वाढवून चालत नाही. नुसत्या कोळशातली रंध्रे पुष्कळदा डांबराने बुजलेली किंवा फार अरुंद असतात. ती मोकळी करण्याला सक्रियीकरण म्हणतात. आठशे-नऊशे अंशांना वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून, नाहीतर फॉस्फरिक आम्ल किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घोळून पुन्हा तापवून कार्बन आतून कोरून काढतात. साखर आणि हा कार्बन यांची ओळख फार जुनी आहे. टोबियास लोव्हिट्झ यांनी १७८५ मध्ये लाकडी कोळसा द्रवांतले रंग शोषतो हे पाहिले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत युरोपातल्या साखरशुद्धीच्या कारखान्यांत तपकिरी पाक कोळशातून गाळून पांढरा होऊ लागला. तिथे रंगाचे मोठे रेणू अडकवायचे होते, इथे चिमुकले आयन बसवायचे आहेत. म्हणून माप महत्त्वाचे. दोन नॅनोमीटरपेक्षा लहान रंध्रे आयनांना राहायला, त्याहून मोठी त्यांना आत येण्याजाण्याला. २००६ मध्ये युरी गोगोत्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रंध्र एक नॅनोमीटरहून बारीक झाले की साठवण घटण्याऐवजी वाढते, कारण आयन आपल्याभोवतीचे द्रावकाचे आवरण काही अंशी बाहेर टाकून आत शिरतो आणि भिंतीच्या अधिक जवळ जातो. पण कोरीव काम लांबले तर दोन रंध्रांमधली भिंतच पडते, दोन लहान पोकळ्यांची एक मोठी होते आणि मिळवलेला पृष्ठभाग हातचा जातो. काहिलीखालच्या गड्याला जी वेळ साधावी लागते, ती इथे भट्टीच्या तापमानदर्शकावर साधतात.

महाराष्ट्रात या विषयातले एक सुंदर काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले. सतीश ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये गळून पडलेली कडुनिंबाची पाने घेतली, दळली आणि हवेविना एकदाच तापवली. सक्रियीकरणाचे रसायन घातलेच नाही. तरीही ग्रॅमला सुमारे १२३० चौरस मीटर पृष्ठभागाचा कार्बन मिळाला आणि आम्लातल्या चाचणीत त्याने ग्रॅमला ४०० फॅरडपर्यंत साठवण दाखवली. त्यांचा तर्क असा की पानातच असलेल्या धातूंच्या क्षारांनी आणि मऊ सेंद्रिय द्रव्यांनी रंध्रे कोरण्याचे काम केले. अशोकाची पाने घेतली तेव्हा कार्बनचे गुण वेगळे आले. हिरवी पाने आणि न दळलेली पानेही त्यांनी तपासून पाहिली. झाडाने जमिनीतून आयुष्यभर जे खनिज उचलले ते पानाच्या मरणानंतर भट्टीत कामाला आले. असे आकडे इलेक्ट्रोडच्या वजनावर काढलेले असतात, हे लक्षात ठेवले पाहिजे. डबीत बंद होऊन बाजारात येणारा सुपरकपॅसिटर किलोमागे पाच-दहा वॅट-तासच साठवतो. त्याचे बळ साठ्यात कमी आणि झटपट घेण्या-देण्यात जास्त आहे. ब्रेक लावलेल्या बसची ऊर्जा काही सेकंदांत गिळून पुढच्या थांब्यावरून निघताना परत देणे, हे त्याचे खरे काम.

कोल्हापूरचाही या क्षेत्राशी संबंध आहे. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अधिविभागात आणि पुढे डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुपरकपॅसिटरवर बरेच संशोधन केले. धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर महागड्या निर्वात यंत्रांऐवजी चंचुपात्रातल्या साध्या रासायनिक द्रावणातून बसवायचे, ही त्या परंपरेची खूण. कमी साधनांत काम काढण्याची ही वृत्ती गावाच्या स्वभावाला धरून आहे. ज्या गावाने एंजिने दुरुस्त करता करता ओतकामाचा उद्योग उभा केला, त्याला कार्बनही परका नाही; फाउंड्रीच्या क्युपोला भट्टीत कोकचा जाळ कसा धरायचा हे इथल्या कामगारांना पिढ्यांपासून माहीत आहे.

सुपरकपॅसिटरला उघडी रंध्रे लागतात. बॅटरीला लागणारी पोकळी निराळी असते. लिथियम-आयन बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असते आणि लिथियम त्याच्या थरांमध्ये जाऊन बसतो. भारताला ग्रॅफाइट आणि लिथियम दोन्हींसाठी बाहेर बघावे लागते. डिसेंबर २०२३ पासून चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली तेव्हा त्याची झळ जगाला कळली. सोडियम मात्र मिठात आहे, समुद्रात आहे. अडचण एवढीच की ग्रॅफाइटच्या थरांत सोडियम नीट बसत नाही. त्याला फ्रँकलिन यांनी ओळखलेला तो कठीण, अव्यवस्थित कार्बन मानवतो. २००० मध्ये कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोज तापवून असा कार्बन केला आणि त्यात ग्रॅमला ३०० मिलिअँपिअर-तासांच्या जवळपास सोडियम भरून दाखवला. त्या कार्बनच्या रचनेला त्यांनी पत्त्यांच्या बंगल्याची उपमा दिली: तिरपे टेकवलेले पत्ते आणि त्यांच्या आडोशाला राहिलेल्या पोकळ्या. ज्या जिल्ह्याचे अर्थकारण साखरेवर चालते तिथल्या वाचकाने हा प्रयोग लक्षात ठेवावा. सोडियमची बॅटरी ज्या द्रव्यावर पुढे सरकली, ते पहिल्यांदा साखरेपासून केले गेले.

या कार्बनमध्ये पोकळ्या हव्यात, पण त्यांची तोंडे मिटलेली हवीत. पृष्ठभाग उघडा राहिला तर पहिल्याच चार्जिंगला इलेक्ट्रोलाइट त्याच्यावर विघटित होते, बराच सोडियम तिथेच कायमचा अडकतो आणि बॅटरी जन्मतःच अशक्त होते. म्हणून हा कार्बन १२०० ते १५०० अंशांपर्यंत नेतात. बाहेरची दारे बंद होतात, आतली खोली शाबूत राहते. एकाच पाचटापासून उघड्या दारांचा कार्बनही होतो आणि मिटल्या दारांचाही. आग कोणत्या पायरीवर थांबवली, एवढाच फरक. पुण्याच्याच आयसर या विज्ञानसंस्थेत गेल्यावर ओगले यांनी हे काम चालू ठेवले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केपीआयटी या पुण्याच्याच कंपनीने त्यांच्या सहकार्याने विकसित झालेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र जाहीर केले.

पाचट आणि थांबवलेली आग यांची गाठ महाराष्ट्रात बॅटरीच्याही आधी पडली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये 'आरती' ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था उभी केली आणि फलटणच्या ऊस पट्ट्यात पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी बनवली. एका मोठ्या लोखंडी टाकीत सात पिंपे ठेवायची, पिंपांत पाचट ठासून भरायचे आणि बाहेरून थोड्या पाचटाचाच जाळ करायचा. पिंपे तापली की आतल्या पाचटातून जळणारा वायू सुटतो, तो पिंपांबाहेर येऊन पेटतो आणि पुढची उष्णता तोच पुरवतो. निघालेली भुकटी खळीत मळून तिच्या कांड्या पाडायच्या. 'सराई' नावाच्या कुकरात अशा शंभर-दीडशे ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचे जेवण शिजते. २००२ मध्ये या कामाला ब्रिटनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. भट्टी बैलगाडीत घालून फडावर नेता यावी, पाचट वाहून आणावे लागू नये, हा त्यातला कळीचा विचार. पाचट हलके आणि फुगीर. ते गाडीत भरले तर गाडी भरते, वजन भरत नाही. कोळसा केला की तेच पाचट थोड्या पोत्यांत मावते.

आनंद कर्वे हे इरावती कर्वे यांचे चिरंजीव. 'युगान्त' मध्ये इरावतीबाईंनी खांडववन जाळण्याच्या प्रसंगाकडे ज्या कठोर नजरेने पाहिले ती मराठी वाचकांच्या चांगली परिचयाची आहे. कृष्णार्जुनांच्या पराक्रमाची कथा म्हणून जो प्रसंग सांगितला जातो त्यात त्यांना पळू न दिलेले प्राणी, पक्षी आणि नाग दिसले. वनाच्या जागी राज्य वसवण्यासाठी केलेला संहार दिसला. आईने एका महाकाव्यातल्या आगीचा हिशेब मागितला, मुलाने उसाच्या फडातल्या आगीला पिंपात कोंडले. हा योगायोग आहे आणि त्याला योगायोगापेक्षा मोठे करण्याचे कारण नाही. पण अग्नीची भूक आणि माणसाची सोय यांची युती झाली की मागे राखच उरते, एवढी गोष्ट दोन्हीकडून कळते.

आता कटकटीचा भाग. कचऱ्यातून सोने अशा मथळ्यांनी या विषयाची मांडणी होते, तेव्हा हा कचरा कोणाचा हे विचारायचे राहून जाते. कारखान्यातले बगॅस, म्हणजे तिथले चिपाड, कचरा नाहीच. टनभर उसातून निम्म्या ओलाव्यासह पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघते. ते बॉयलरमध्ये जाते, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, सहवीजनिर्मितीतून उरलेली वीज विकली जाते आणि वाचलेल्या बगॅसला कागद गिरण्या गिऱ्हाईक असतात. राहिले पाचट. त्याच्यावर मातीचा हक्क आहे. एका हेक्टरात साधारण आठ-दहा टन पाचट निघते आणि कृषी विद्यापीठाची शिफारस ते सरीत दाबून कुजवण्याची आहे: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवणारे जिवाणू. त्याने ओल टिकते, तण कमी येते, सेंद्रिय कर्ब वाढतो आणि खोडवा सुधारतो. शिरोळच्या क्षारपड रानांकडे पाहिले की नुसत्या पाण्यावर आणि खतावर विसंबले तर जमिनीचे काय होते ते समजते. काडी लावणारा शेतकरी हा हक्क नाकारतो. उद्या गाठी बांधणारे यंत्र फडात आले आणि झाडून सगळे पाचट बॅटरीच्या कारखान्याला गेले, तर मातीच्या बाजूने पाहता त्या यंत्रात आणि त्या काडीत फरक राहणार नाही. हवेचे भले होईल, जमिनीचे नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. उसाच्या पानात सिलिका असते, भाताच्या तुसात तर त्याहून पुष्कळ. आजऱ्याच्या घनसाळ भाताचे तूस वापरायचे ठरले तरी तीच गोष्ट. ती सिलिका अल्कलीने किंवा आम्लाने काढावी लागते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे सक्रियीकरण कार्बनच्या दुप्पट-चौपट वजनाचे रसायन खाते आणि नंतर सगळे धुवून काढायला भरपूर पाणी मागते. शोधनिबंधात 'उदासीन होईपर्यंत धुतले' एवढे तीन शब्द असतात. ते धुवण गेले कुठे, हे तिथे विचारत नाहीत. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला मात्र तोच प्रश्न आधी सुचतो. ज्या नदीने साखर कारखान्यांचे, कापड प्रक्रियेचे आणि गावोगावच्या गटारांचे पाणी इतकी वर्षे सोसले, तिच्यात बॅटरीच्या नावाने आणखी एक नाला सोडायचा असेल तर स्वच्छ ऊर्जा हे नाव त्या उद्योगाला शोभणार नाही. कडुनिंबाच्या पानांचा प्रयोग मला म्हणूनच मोलाचा वाटतो. बाहेरचे रसायन न घालता पानातल्या खनिजावर काम भागवणे, हा नुसता खर्च वाचवण्याचा मार्ग नव्हे. आसवनीचे सांडपाणी जाळल्यावर उरणारी राख पोटॅशने भरलेली असते. रसायन लागलेच तर ते उसाच्याच घरातून घेऊन वापरल्यावर खत म्हणून शेतात परत देता येईल का, हे कोल्हापूरच्या प्रयोगशाळांनी हाती घ्यावे असे काम आहे.

या हक्कांच्या भांडणात एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. सोडियम बॅटरीतल्या कठीण कार्बनची क्षमता ग्रॅमला ३०० मिलिअँपिअर-तास आणि बॅटरीचा दाब ३ व्होल्ट धरला तर एका ग्रॅमला ०.९ वॅट-तास पडतात. एक युनिट वीज साठवायला, थोडी तूट धरून, सव्वा किलो कार्बन. छपरावर सौर पट्ट्या असलेल्या साध्या घराला रात्रीसाठी पाच युनिटांची बॅटरी पुरे धरली तर सव्वासहा किलो. वाळल्या पाचटातून शेवटी पंधरा टक्केच कार्बन हाती लागला असे मानले, तरी लागणारे पाचट चाळीस-बेचाळीस किलो. हेक्टरी आठ टनांच्या हिशेबाने ते अर्ध्या गुंठ्यात निघते. धुण्या-गाळण्यातली नासाडी मोकळ्या हाताने धरा आणि एक गुंठा म्हणा. चुलीला रोज जळण लागते. बॅटरीतला कार्बन जळत नाही, तो वर्षानुवर्षे आयन घेतो आणि सोडतो. एक एकर उसाच्या चाळीस गुंठ्यांपैकी एका गुंठ्याचे पाचट एकदा दिले की एका घराच्या दिव्यांची कित्येक वर्षांची सोय होते, आणि एकोणचाळीस गुंठे मातीला राहतात.

म्हणजे मातीचा वाटा मारावा लागतो असे कारण या उद्योगाला सांगता येणार नाही. त्याची गरजच लहान आहे. जर कोणी फडच्या फड रिकामे करू लागला तर ती गरज नव्हे, हाव असेल; भाव चढा असताना रंध्रांच्या भिंती पडेपर्यंत कोरत जाणाऱ्या भट्टीसारखीच ती आपला नफा आपणच संपवील. आणि मातीची उपेक्षा बॅटरीलाही भोवते. क्षारपड रानातल्या उसाच्या पानात क्षार जास्त, राख जास्त, म्हणून कार्बनची प्रत कमी. बॅटरी बनवणाऱ्याला प्रत्येक खेपेला एकसारखा माल हवा असतो. तो हवा असेल तर त्याला को ८६०३२ की फुले २६५, माळरान की नदीकाठची मळी, कूपनलिकेचे पाणी की नदीचे, असे शेतकऱ्याचे प्रश्न विचारावे लागतील. गुळव्या ते विचारत आला आहे. उसाची जात आणि रान ऐकूनच तो पाकाचा अंदाज बांधतो.

वाटा ठरवायचा कोणी, हे उरते. कोल्हापूर जिल्ह्याने सहकाराचे गुणदोष दोन्ही पाहिले आहेत. उसाचा मालक असलेला शेतकरी कारखान्याचाही सभासद असतो, ही कल्पना इथे कागदावर राहिली नाही, तिने गावे बदलली. आणि सभासदाला आपल्याच कारखान्यापुढे दरासाठी ऊस अडवावा लागतो हेही इथेच दिसले. पाचटाच्या कार्बनचा कारखाना उद्या आला तर त्याच्या पोटनियमात पहिले कलम साठवणक्षमतेचे नको, वाट्याचे हवे: एकरी किती गुंठ्यांचे पाचट उचलायचे, राख आणि पोटॅश कोणाच्या रानात परत जाणार, धुवण कुठे मुरणार, आणि ज्या मजुराने पाचट गोळा केले त्याला टनावर किती. कातकऱ्यांच्या कोळशाने मुंबई शिजली आणि कातकरी कर्जात राहिले, कारण त्या भट्टीला असे कलम नव्हते. आग राखेच्या अलीकडे कशी थांबवायची याची तंत्रे आता पुण्यात आणि कोल्हापुरात माहीत झाली आहेत. हाव कुठे थांबवायची याचे कलम अजून लिहायचे आहे, आणि ते पहिले पाचट उचलण्याआधी लिहिलेले बरे.